मास्क लावून दिवसभर बोलल्यावर संध्याकाळी आवाज का बसतो?

एका सिस्टरनी विचारलंय: "वय ३६. चार वर्षांपासून छातीरोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ड्युटीभर एन-९५ लावावा लागतो. ड्युटी संपेपर्यंत आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं. सुट्टीच्या दिवशी बरं असतं. असं दोन महिने चाललंय. डॉक्टरांनी घसा पाहिला, 'काही नाही' म्हणाले आणि सेट्रिझिन दिली. मास्कमुळे आवाज खराब होतो का? काही दिवस मौन पाळू का? भजनी मंडळात गाते, ते बंद करू का?"

ताई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं मुख्यतः आवाजाच्या तक्रारींवर काम करते. माझ्याकडे पूर्वी शिक्षक, गायक, वकील आणि भाजीवाले यायचे. २०२० नंतर त्या रांगेत नर्सेस आणि निवासी डॉक्टरही आले, आणि तुमच्यासारख्या क्षयरोग, कर्करोग किंवा अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या सिस्टर अजूनही येतात. बाकीच्यांचा मास्क सुटला, तुमचा सुटलेला नाही.

मास्कबद्दल बोलण्याआधी एक उलट प्रश्न. डॉक्टरांनी तुमचा घसा टॉर्चनं आणि जिभेवर पट्टी दाबून पाहिला की दुर्बिणीनं? टॉर्चनं टॉन्सिल दिसतात, घशाची मागची भिंत दिसते. स्वरतंतू, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या गळ्यातल्या दोन पट्ट्या, दिसत नाहीत; ते त्याच्या बरेच खाली, जिभेच्या मुळामागे असतात. ते पाहायला आरसा किंवा दुर्बीणच लागते. (जिवंत माणसाचे स्वरतंतू नीट बघण्याची युक्ती १८५४ साली मान्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकानं लढवली: दंतवैद्याचा छोटा आरसा, सूर्यप्रकाश आणि स्वतःचाच घसा. ती एका गाणाऱ्याला जमली, याचं मला कधीच आश्चर्य वाटलेलं नाही.) म्हणजे 'काही नाही' याचा अर्थ तुमच्या बाबतीत कदाचित 'टॉर्चला दिसेल असं काही नाही' एवढाच असेल.

आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्यायचं, हा आमच्या क्षेत्रातला सर्वसाधारण नियम आहे. तुमचे दोन महिने झालेत. शिवाय तुम्ही छातीरोग वॉर्डात आहात. क्षयरोग स्वरयंत्रालाही होऊ शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. सुट्टीला आवाज सुधारतो, त्यामुळे तुमचं तसं असण्याची शक्यता मला कमी वाटते, पण खोकला, वजन घटणं, गिळताना दुखणं यातलं काही असेल तर थुंकीची तपासणी पुढे ढकलू नका. थुंकीत रक्त, श्वास घेताना आवाज येणं, मानेत गाठ, किंवा एकदम ओरडल्यावर त्या क्षणीच आवाज जाणं, यातलं काही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तंबाखूचाही प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारते, कारण मिश्री लावणाऱ्या बाया 'तंबाखू खात नाही' असंच सांगतात.

तुमचे स्वरतंतू मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं 'दुर्बिणीत मोठं काही निघालं नाही' किंवा 'थोडी सूज, सुरुवातीच्या बारीक गाठी आहेत' हे गृहीत धरून लिहिते आहे. ड्युटीनंतर बसणारा आणि सुट्टीला उघडणारा आवाज बहुतेक वेळा तिथंच जाऊन पोचतो.

आता मास्क. मास्कचं कापड स्वरतंतूंना काहीच करत नाही. ते तुमच्या तोंडाबाहेर आहे, स्वरतंतू गळ्यात आहेत. मास्क करतो ते असं, की तुमच्या बोलण्यातून एक ठरावीक हिस्सा काढून घेतो. साधा सर्जिकल मास्क २००० ते ७००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारे कंप) वरच्या पट्ट्यातला आवाज सुमारे ३ ते ४ डेसिबलनं कमी करतो, एन-९५ जवळजवळ १२ डेसिबलनं. डेसिबलचं गणित बेरीज-वजाबाकीचं नसतं. १२ डेसिबल कमी म्हणजे त्या पट्ट्यातली ऊर्जा साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. वर फेसशील्ड असेल तर आणखी कमी.

त्या पट्ट्यात असतं काय? व्यंजनं. 'स'चा सगळा सळसळाट बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असतो. श, च, फ, ख, थ यांची ओळख पटते तीही वरच्याच भागात. 'आ', 'ओ', 'ऊ' या स्वरांचा मुख्य जोर मात्र खाली, साधारण १००० हर्ट्झच्या आत असतो, आणि त्याला मास्क फारसा अडवत नाही. म्हणून मास्कमधून बोललेलं ऐकू तर येतं, पण कळत नाही. पेशंट 'काय?' म्हणतो ते आवाज लहान पडला म्हणून नव्हे, व्यंजनं गळाली म्हणून. त्यात ओठही झाकलेले, म्हणजे ओठांकडे बघून अंदाज बांधायची सोयही गेली.

आणि आपण काय करतो? आवाज वाढवतो. इथंच घसा मोडतो. माणूस ओरडतो तेव्हा स्वर फुगतात, व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत. 'गोळी घेतली का' हे ओरडून म्हणा: 'गोओओळी घेएएतली काआआ'. जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं झालं, जे हरवलं होतं ते हरवलेलंच राहिलं. पेशंट पुन्हा 'काय?' म्हणतो, तुम्ही पुन्हा एक पट्टी वर जाता.

यात तुमचा दोष नाही, हे शरीर आपोआप करतं. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. पेशंटवर उपचार होतात किंवा लक्ष ठेवलं जातं तिथं ३५ डेसिबलपर्यंतच आवाज असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. तुमच्या वॉर्डात पंखे, नेब्युलायझर, ऑक्सिजनची फुसफुस, नातेवाइकांचे मोबाइल आणि खोकला मिळून किती होत असेल ते तुम्हीच सांगा.

आता त्याचा हिशेब. बाईचे स्वरतंतू साध्या बोलण्यात सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. तुमच्या ड्युटीत सगळं मिळून एक तास जरी खरोखर आवाज निघाला, तरी ७ लाख २० हजार आपट्या झाल्या. ओरडताना पट्टी चढून ३०० च्या घरात गेली तर १० लाख ८० हजार, आणि प्रत्येक आपटी जास्त जोराची. वर खाकरणं. जोरात खाकरणं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर घासणं. घासल्यानं सूज येते, सूज आली की काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, म्हणून आपण पुन्हा खाकरतो. तुमच्या 'अडकलेल्या' गोष्टीचं मूळ बहुधा हेच आहे. तिथं कफ असतोच असं नाही.

एक लाज सांगते. २०२० च्या शेवटी ओपीडी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी स्वतः एन-९५, वर सर्जिकल मास्क आणि शील्ड लावून लोकांना 'आवाज कसा जपावा' हे शिकवत होते. तीन आठवड्यांत माझाच आवाज बसला. एक काका म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी कोणी डॉक्टर बघू का?" घरी फोनवर मुलीशी बोलताना लक्षात आलं की मास्क काढल्यावरसुद्धा मी मास्कमधल्याच आवाजात बोलत होते. ही सवय दाराबाहेर सुटत नाही. तुमच्या घरचे 'एवढं ओरडतेस कशाला' म्हणतात का, ते बघा.

आवाज वाढवण्याखेरीज मास्कमध्ये आणखी दोन गोष्टी नकळत होतात. एक, मास्क नाकावरून सरकू नये म्हणून जबडा आवळून, तोंड जेमतेम उघडून बोलणं. जबडा आवळला की गळ्याचे स्नायू आवळतात आणि स्वरयंत्र वर खेचलं जातं. गळ्याच्या पुढच्या भागावर हलकेच बोटं ठेवून बोलून पाहा, ताण हाताला लागतो. दोन, श्वास संपत आला तरी वाक्य पूर्ण करणं. एन-९५ मध्ये श्वास घ्यायला जरा जास्त जोर लागतो, म्हणून आपण श्वास टाळतो आणि शेवटचे तीन शब्द रिकाम्या भात्यावर ढकलतो. हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, स्वतःकडे लक्ष द्या, हे तिथं हमखास पकडता येतं.

म्हणून मास्क सैल करा, झडपेचा घ्या किंवा साधा लावा, असं मी अजिबात सांगणार नाही. झडपेतून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर जातो. आणि क्षयरोगाच्या वॉर्डात एन-९५ घट्ट बसलेलाच हवा. उलट, नीट मापाचा मास्क असेल तर तो धरून ठेवायला जबडा आवळावा लागत नाही. जबडा मोकळा सोडून बोलताना मास्क सरकत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही. दुसरा साइज किंवा दुसरी बनावट मागा.

मग करायचं काय? गळलेली व्यंजनं परत आणायची, आवाज न वाढवता. ओठ, जीभ, जबडा यांची हालचाल मोठी करा, वेग कमी करा, लहान वाक्यं बोला आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घ्या. मी याला 'पोस्टातल्या तारेसारखं बोलणं' म्हणते: 'काका. गोळी. आता. जेवणानंतर.' आधी पेशंटचं नाव घ्या, त्याचं लक्ष तुमच्याकडे आलं की मग बोला. पाच पावलांवरून बोलायचं ते दोन पावलांवर येऊन बोला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. वॉर्डात भिंती असतात म्हणून तितका नाही, पण हा फायदा फुकटचा आहे.

म्हातारे पेशंट हा वेगळा मुद्दा. वयामुळे येणारं बहिरेपण बहुतेक वेळा वरच्या पट्ट्यांपासूनच सुरू होतं. म्हणजे मास्क जे काढून घेतो, तेच आजोबांच्या कानांतून आधीच गेलेलं असतं. तिथं ओरडून काहीही होत नाही. फक्त शेजारच्या कॉटवरचा माणूस जागा होतो. ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला उभं राहा, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, बोटांनी आकडा दाखवा.

आकड्यांवरून आठवलं. मराठीत 'सात' आणि 'साठ', 'वीस' आणि 'तीस' यांच्यात फरक एकेका व्यंजनाचा आहे आणि मास्क नेमकं तेच खातो. डोस सांगताना 'साठ, सहा-शून्य' असं आकडे सुटे करून म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. हे आवाजाच्या दृष्टीनं नव्हे, पेशंटच्या दृष्टीनं सांगते आहे. पण त्यानं तीनदा ओरडणंही वाचतं.

वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला 'अहो मामा, स्ट्रेचर!' ही आरोळी मात्र बंदच करा. माझ्याकडे येणाऱ्या सिस्टरांचं सर्वाधिक नुकसान या हाकांनी झालेलं असतं, पेशंटशी बोलण्यानं तितकं नाही. टेबलावर घंटी ठेवा, टाळी वाजवा, मोबाइलवर मिस कॉल द्या. शिक्षक कमरेला बांधतात तो छोटा माइक-स्पीकर हा चांगला उपाय आहे, पण तुमच्या वॉर्डात तो नेता येईल का, पुसून निर्जंतुक कसा करायचा, हे संसर्ग-नियंत्रण बघणाऱ्या सिस्टरना आणि इन्चार्जना विचारूनच ठरवा. एका सिस्टरनं तो मास्कच्या आत लावायचा प्रयत्न केला होता. तसं करू नका, मास्कची कड उचलली जाते.

पाण्याबद्दल. मास्कमुळे घसा कोरडा पडतो असं सगळे म्हणतात. मास्कच्या आतली हवा खरं तर दमट असते. कोरडेपणा येतो तो सहा-सात तास पाणी न प्यायल्यानं, आणि पाणी पीत नाही कारण मास्क काढायला जागा नाही, बाथरूमला जायला वेळ नाही. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही, ते अन्ननलिकेत जातं. रक्तातून फिरून तिथला ओलावा वाढायला वेळ लागतो. म्हणून ड्युटी संपल्यावर एकदम लिटरभर पिऊन त्या दिवशीचं नुकसान भरून निघत नाही. ड्युटीच्या आधी दोन तासांत थोडं-थोडं करून प्या आणि मध्ये किमान दोनदा, मास्क काढायची परवानगी असलेल्या जागी जाऊन प्या. चहा सोडा असं मी सांगत नाही. नर्सिंग स्टेशनचा चहा बंद करायला सांगणाऱ्या थेरपिस्टकडे पेशंट परत येत नाहीत. फक्त पाण्याच्या जागी चहा नको.

सेट्रिझिनबद्दल: अ‍ॅलर्जी असेल तर ती उपयोगाची आहे, नसेल तर तिनं कोरडेपणा वाढू शकतो. तुम्हाला शिंका, नाक गळणं, डोळे खाजणं असं काही नसेल तर 'ही चालू ठेवू का' हे डॉक्टरांना सरळ विचारा. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर तेही सांगा, त्यानंही आवाज बसतो. पंपानंतर चूळ भरणं टाळू नका.

खडीसाखर, ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल. पण ज्येष्ठमधाची काडी चघळून खाकरणं कमी होत असेल, तर त्या वाटेनं तिचा फायदा आहेच. माझ्या आजीचं मी खोटं पाडत नाही, फक्त कारण बदलते. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट तिथं पोचते. ड्युटीनंतर पाच-सात मिनिटं घ्यायला हरकत नाही. खाकरावंसं वाटलं की आधी घोट घ्या किंवा आवंढा गिळा. अगदीच राहवलं नाही तर आवाज न काढता नुसता हवेचा हलका फुंकारा द्या. नाइटला दोन वाजता डब्यातला झणझणीत रस्सा खाऊन लगेच आडवं होण्याची सवय असेल तर तीही बघा, घशाशी येणाऱ्या आम्लानं स्वरयंत्राची मागची बाजू सुजते.

आता व्यायाम. एकच सांगते, कारण पाच सांगितले तर एकही होत नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली घ्या. साधी स्ट्रॉ दोन-तीन बोटं पाण्यात बुडवा. ओठ तिच्याभोवती मिटून स्ट्रॉमधून 'ऊऊऊ' असा आवाज काढत बुडबुडे काढा. नुसती फुंकर नको, आवाज हवा. गालात आणि ओठांत गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे, गळ्यात काहीच वाटता कामा नये. आधी एकाच सुरावर, मग सूर खालून वर आणि वरून खाली सरकवत. दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा: ड्युटीला निघताना, मधल्या सुट्टीत, ड्युटी संपल्यावर, झोपण्यापूर्वी. तोंड थोडं बंद ठेवून आवाज काढला की तोंडात तयार होणारा दाब स्वरतंतूंवर उलट काम करतो आणि ते कमी जोरात आपटूनही चांगले कंप पावतात. इंगो टिट्झे या शास्त्रज्ञानं या स्ट्रॉच्या मागचं भौतिकशास्त्र मांडलं आणि जगभरच्या गायकांना स्ट्रॉ चावायला लावली.

मास्क लावलेला असताना स्ट्रॉ शक्य नाही. तेव्हा ओठ मिटून हलकेच 'म्म्म' असं गुणगुणा, नाकाच्या हाडाशी कंप जाणवला पाहिजे. मग त्याच कंपावर शब्द सोडा: 'म्म-मावशी', 'म्म-मामा', 'म्म-मीटर'. वॉर्डात 'म'चे शब्द भरपूर आहेत, हे आपलं नशीब. ओठ फुरफुरवण्याचा व्यायाम गायकांना शिकवतात, तो मास्कच्या आत करू नका, मास्क ओला होतो.

घरी दोन-तीन आठवडे नेटानं करून फरक पडला नाही, किंवा दुर्बिणीत गाठी दिसल्या, तर प्रत्यक्ष थेरपी घ्या. साधारण आठवड्याला एकदा, सहा ते आठ आठवडे लागतात. सवयीनं आलेल्या बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेशिवाय थेरपीनं लहान होतात. आणि ओरडणं तसंच राहिलं तर शस्त्रक्रियेनंतरही परत येतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी वाचा-श्रवण विभाग आहेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागातही विचारा. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, तेवढं पाहा.

मौनाबद्दल. पूर्ण मौन मी शस्त्रक्रियेनंतर किंवा स्वरतंतूंत रक्त साकळलं असेल तरच सांगते. तुमच्या बाबतीत चार दिवस गप्प बसून सूज उतरेल, पाचव्या दिवशी त्याच वॉर्डात त्याच पद्धतीनं बोललात की परत येईल. त्यापेक्षा रोज ड्युटीनंतर तासभर गप्प राहा, फोनही नको. मुलं ऐकणार नाहीत, तेव्हा तो तास बसमध्ये काढा. आणि कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. बऱ्याच जणांत कुजबुजताना गळा जास्तच आवळला जातो. बोलायचंच असेल तर हळू, पण खरा आवाज काढून बोला.

भजन बंद करू नका. दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत फक्त मागून साथ द्या, पुढे उचलून गाऊ नका. नंतरही पट्टी उतरवायला सांगा. बऱ्याच मंडळांत पेटीवाले स्वतःच्या सोयीनं उंच पट्टी धरतात आणि सगळ्या बाया वर ताणून गातात. खालच्या पट्टीत तुमचा गळा मोकळा राहील. आवाज घडवायचा म्हणून खर्जात जबरदस्तीनं दाबून बसू नका, तो रियाज गुरूंसमोर करायचा असतो, सुजलेल्या गळ्यानं नाही. मंडळात जाण्याआधी दोन मिनिटं स्ट्रॉ. आणि ज्या दिवशी नाइट करून आला असाल, त्या दिवशी नुसते टाळ धरा.